बियांपासून आयरिस – कोणी लावलेत का?

ओसरी
नमस्कार मंडळी, परवा बागकामाच्या गप्पांमध्ये मी आयरिसच्या बोंडांचा फोटो टाकला होता तर त्यावर एवढे प्रश्न आले की म्हटलं वेगळा धागाच काढूया, नाहीतर तिथला टोमॅटोचा विषय कायमचा बुडायचा.

मी न्यू जर्सीत असते. इथे मे महिन्यात ज्याच्या त्याच्या अंगणात बिअर्डेड आयरिस फुललेलं असतं, म्हणजे ते मोठं फूल, तीन पाकळ्या वर उभ्या, तीन खाली लोंबणाऱ्या आणि लोंबणाऱ्यांवर मधोमध केसाळ पट्टा. बहुतेक लोक ह्याचे गड्डे लावतात आणि तेच सोपं आहे. पण मला नाद लागला बियांचा, आणि त्याला कारण माँटक्लेअरचं प्रेस्बी गार्डन. १९२७ पासूनची बाग आहे, नुसती आयरिसची, टेकडीच्या उतारावर, मे च्या मध्यापासून जूनच्या सुरवातीपर्यंत फुलते. पावलापावलाला पाट्या, जातीचं नाव आणि ती कुठल्या वर्षीची. म्हणजे यातलं प्रत्येक फूल कोणीतरी कधीतरी बी लावूनच पहिल्यांदा बघितलंय ना! तिथून जे डोक्यात बसलं ते बसलं.

तर कृती. फूल सकाळी उमललं की जवळ जाऊन बघा. मधून तीन चपट्या फांद्यांसारखे भाग निघतात, पाकळ्यांच्याच रंगाचे, टोकाला दोन शिंगं. त्या प्रत्येकाच्या खाली एक पुंकेसर लपलेला असतो, म्हणजे एका फुलात तीनच. आणि त्या शिंगांच्या जरा खाली, आतल्या बाजूला, एक बारीकसा ओठ असतो. तीच पराग धरायची जागा. भुंगा आत घुसताना त्याच्या पाठीवरचे पराग ह्या ओठावर खरवडले जातात, आणि बाहेर येताना तोच ओठ मागे दाबला जाऊन मिटतो, म्हणजे त्याच फुलाचे पराग त्यालाच लागू नयेत अशी सोय. मी पहिल्यांदा भिंगातून बघितलं तेव्हा नवऱ्याला हाक मारून दाखवलं, तो म्हणाला छान आहे आणि गेला.

आपण काय करायचं, एका झाडाचं पुंकेसर चिमट्याने काढायचं आणि दुसऱ्या झाडाच्या त्या ओठावर हलकेच घासायचं. लगेच दोरा बांधून चिठ्ठी लावायची, आईचं नाव आधी, बापाचं नंतर, अशीच लिहायची पद्धत आहे. पाऊस असेल तर करू नका, फुकट जातं. जमलं असेल तर फूल सुकल्यावर आठ-दहा दिवसांत मागची गाठ फुगायला लागते, हिरवं बोंड होतं. मग दोनेक महिने त्याच्याकडे बघायचं नाही. बोंड तपकिरी होऊन टोकाला तडकायला लागलं की काढायचं. आत तीन कप्पे, कधी पाच-सहाच बिया निघतात तर कधी चाळीस-पन्नास.

पेरणी मी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करते, कुंडीत, साधारण अर्धा इंच खोल, आणि कुंडी बाहेरच ठेवते. बर्फ, पाऊस, सगळं तिच्या डोक्यावर. वर फक्त तारेची जाळी, नाहीतर खारी सगळं उकरून ठेवतात. एप्रिलमध्ये गवतासारखी पाती वर येतात. बस.

शंकासुर
ताई वर्णन झकास पण मूळ मुद्दा, गड्डा लावला की पुढच्या वर्षी फूल, मग बी लावून किती वर्षं थांबायचं? आणि एवढं करून तेच फूल येणार ना?

ओसरी
@शंकासुर तेच तर येत नाही!! म्हणून तर गंमत. बिअर्डेड आयरिसच्या ज्या जाती आपण विकत घेतो त्या सगळ्या पिढ्यानपिढ्या संकर करून केलेल्या असतात. शिवाय उंच जातींमध्ये गुणसूत्रांचे दोन नाही तर चार संच असतात, ४८ गुणसूत्रं, त्यामुळे एकाच बोंडातल्या बियांची फुलं एकमेकांसारखीही येत नाहीत, आईसारखी तर सोडाच. आमच्याकडे 'डस्की चॅलेंजर' म्हणून गर्द जांभळं आहे, जुनी बक्षीसवाली जात आहे, आणि 'इम्मॉर्टॅलिटी' म्हणून पांढरं आहे जे शरद ऋतूत पुन्हा फुलतं. ह्या दोघांची रोपं लावली तर एक धुवट जांभळं, एक निळसर, एक असं की कडेला तपकिरी डाग पडल्यासारखं, कोणी म्हणेल आजारी आहे. पण एक आलं त्याच्या लोंबत्या पाकळ्यांना कडेने बारीक पांढरी किनार, वर सगळं जांभळं. ते दुकानात मिळत नाही हो.

तेच फूल हवं असेल तर बी लावूच नका, गड्डा घ्या. सरळ आहे.

वेळ किती: जूनच्या सुरवातीला परागीकरण, त्याच हिवाळ्याआधी पेरणी, पुढच्या वसंतात रोप, आणि फूल त्याच्या पुढच्या मे मध्ये, काही झाडांना अजून एक वर्ष. म्हणजे परागीकरणापासून दोन ते तीन वर्षं धरून चाला.

शंकासुर
धुवट जांभळ्यासाठी तीन वर्षं. धन्य आहे. पण लिहीत रहा, वाचतोय.

कुंडीबहाद्दर
मी पुण्यातून. गच्चीवर साठ-सत्तर कुंड्या आहेत, हौस दांडगी. मागे एका ऑनलाईन साईटवरून 'ब्लू आयरिस सीड्स' म्हणून पाकीट मागवलं होतं, वर फोटो असा की एका फुलात सात रंग. आतून निघाल्या मोहरीपेक्षा बारीक काळ्या बिया. पेरल्या, उगवल्यापण, आणि आलं काय तर कसलंतरी तण. पैसे परत मागितले तर म्हणतात तुमच्या मातीचा दोष. आता माझा प्रश्न, खऱ्या बिया कशा ओळखायच्या आणि पुण्यात हे होईल का?

ओरेगॉनवाला
@कुंडीबहाद्दर सात रंगवाला फोटो दिसला की पाकीट मागवायचंच नाही, तो कॉम्प्युटरवर केलेला असतो. आयरिसची बी बारीक नसतेच. बिअर्डेडची बी साधारण मिरीच्या दाण्याएवढी असते, तपकिरी, वाळली की सुरकुतते. सायबेरियन आयरिसची चपटी, अर्धगोल चकतीसारखी, बोंडात एकावर एक रचलेली. लुइझियाना आयरिसची बी जाड आणि बुचासारखी हलकी, पाण्यावर तरंगते, कारण ते दलदलीतलं झाड आहे, बी वाहत जाऊन दुसरीकडे रुजते. मोहरीएवढं काही आलं तर ते दुसरंच काहीतरी आहे.

बियांचं रुजणं हा खरा मोठा विषय आहे. आयरिसच्या बीमध्ये रुजू न देणारी द्रव्यं असतात, म्हणून ओलावा मिळाला तरी ती लगेच उगवत नाही. थंडी आणि पाणी दोन्ही लागतं. पाण्याने ती द्रव्यं निघून जातात. माझ्या ओळखीतले लोक आठवडा-दोन आठवडे बिया भिजत ठेवतात आणि रोज पाणी बदलतात. आणि जे आळशी आहेत ते बिया नायलॉनच्या मोज्यात बांधून संडासाच्या फ्लश टँकमध्ये सोडतात. फ्लश केला की पाणी बदललं. हसू नका, इथले जुनेजाणते आयरिसवाले खरंच करतात आणि चालतंही.

त्यानंतर ओल्या व्हर्मिक्युलाइटमध्ये (कुंडीत घालायचं हलकं, पाणी धरणारं खनिज) किंवा टिश्यूमध्ये गुंडाळून झिपलॉकमध्ये, आणि फ्रिजमध्ये आठ ते बारा आठवडे. फ्रिजर नाही, खालचा भाग. बाहेर काढल्यावर साधारण १५ अंशांच्या आसपास रुजतात. फार ऊन-उकाडा असेल तर परत झोपतात.

जुईली७
फ्लश टँक!!! 😂😂 सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या देवाला वाहायची फुलं आहेत का ही, आधी सांगा.

ओसरी
@ओरेगॉनवाला सगळं बरोबर पण माझं मत विचाराल तर जिथे हिवाळा आहे तिथे हा फ्रिजचा खटाटोप कशाला? बाहेर ठेवलं की पाऊस बी धुतो, थंडी आपोआप मिळते. फ्रिजमध्ये माझ्या बियांना बुरशी येते आणि शिवाय घरातले लोक ती पिशवी कोथिंबिरीखाली ढकलतात.

ओरेगॉनवाला
ओसरीताई, मुद्दा मान्य पण फ्रिजचा फायदा असा की जानेवारीत रोपं घरात दिव्याखाली सुरू करता येतात, मे मध्ये जमिनीत जाईपर्यंत चांगली दणकट होतात आणि पुढच्याच मे मध्ये जास्त झाडं फुलतात. बुरशीला टिश्यू फार ओला नसावा, पिळून घ्यायचा. आणि बाहेर असो की फ्रिज, पहिल्या वर्षी न उगवलेल्या बियांची कुंडी फेकायची नाही. दुसऱ्या, कधी तिसऱ्या वसंतातही उगवतात. पश्चिम आशियातली जी आयरिसं आहेत, मोठ्या डागाची, त्यांच्या बिया तर वर्षानुवर्षं थोड्या थोड्या उगवत राहतात.

बाय द वे आमच्याकडे सेलमला श्रायनर्स म्हणून घराणंच आहे आयरिसचं, मिनेसोटातून १९४७ मध्ये ओरेगॉनला आले. तुमचं डस्की चॅलेंजर त्यांचंच. १९९२ चं डाइक्स मेडल, म्हणजे आयरिसमधलं सर्वात मोठं बक्षीस. मे मध्ये त्यांची शेतं फुललेली असतात तेव्हा आमच्या मंडळाची सहल तिकडेच जाते, डबे घेऊन.

कुंडीबहाद्दर
म्हणजे पुण्याचं काय ते राहिलंच. माझ्या फ्रिजमध्ये तीन महिने ठेवीन हो मी, बायकोची परवानगी काढतो.

ओरेगॉनवाला
बी रुजेलही. पण बिअर्डेडच्या झाडाला नंतर दरवर्षी थंडी लागते कळी धरायला, आणि त्याहून वाईट म्हणजे आपला पावसाळा. गड्डा जमिनीच्या वर अर्धा उघडा, उन्हात, कोरडा राहायला हवा असतो. उकाडा आणि पाणी एकत्र आलं की जिवाणूंमुळे गड्डा पिचपिचीत होऊन सडतो, वास असा येतो की कुंडीजवळ उभं राहवत नाही. पुण्यात जून ते सप्टेंबर ते वाचवणं म्हणजे रोज कुंडी आत-बाहेर. मी तरी सांगणार नाही करायला.

पारिजात_मुंबई
आमच्या बाल्कनीत आयरिस आहे की! मुंबईत! पांढरं-निळं फूल, एका दिवसात मिटतं. बी नाही धरत पण फूल गेल्यावर त्याच दांड्यावर छोटं रोप येतं, दांडा वाकतो आणि ते बाजूच्या कुंडीत स्वतःच रुजतं.

ओरेगॉनवाला
@पारिजात_मुंबई ते वॉकिंग आयरिस, निओमॅरिका. कुळ तेच पण आयरिस वंशातलं नाही. मूळचं ब्राझीलकडचं म्हणून मुंबईची हवा त्याला मानवते. त्याला बियांच्या भानगडीत पडायची गरजच नाही, ते रोप कापून लावायचं.

तिरफळ
कुडाळहून लिहितोय. एवढे सगळे थंडी थंडी करताहेत पण आमच्याकडे परड्यात बियांपासून येणारं आयरिस वर्षानुवर्षं आहे, कोणी लक्षच देत नाही. ब्लॅकबेरी लिली म्हणतात नर्सरीवाले. पानं पंख्यासारखी एका रेषेत, चपटी. फूल केशरी, त्यावर लाल ठिपके, सहा सारख्या पाकळ्या. सकाळी उमलतं, संध्याकाळी मिटताना असं पीळ घालून मिटतं, पिळलेल्या फडक्यागत, आणि दुसऱ्या दिवशी तो पीळ गळून पडतो. पण रोज नवीन फुलं येत राहतात, ऐन पावसात. मग बोंडं धरतात, सालं उलटी वळून गळतात आणि आत चकचकीत काळ्या बियांचा घोस तसाच दांड्यावर उभा राहतो. आमची आई तो घोस फुलदाणीत ठेवते, महिनोन्महिने टिकतो.

हे लावायला काही करावं लागत नाही. ताज्या बिया रात्रभर भिजवून पावसाच्या तोंडावर पेरल्या की येतात, थोड्या मागे राहतात त्या नंतर येतात. फूल बहुतेक दुसऱ्या पावसाळ्यात. निचरा हवा एवढंच, पाणी तुंबलं की जातं. आमची जांभ्याची माती असल्याने तो प्रश्न नाही, तुम्ही कुंडीत खाली विटांचे तुकडे आणि मातीत थोडी वाळू घाला.

शंकासुर
पण ती लिली झाली ना. धागा आयरिसचा आहे.

ओरेगॉनवाला
शंकासुर, ही लिली नाही, खरंच आयरिस आहे. आधी तिला बेलमकँडा असा वेगळा वंश होता, पण डीएनए तपासल्यावर ती आयरिसमध्येच बसते असं दिसलं आणि २००५ मध्ये तिला आयरिस डोमेस्टिका केलं. तिरफळ यांनी कुंडीबहाद्दरांचा प्रश्नच सोडवला. वरच्या सगळ्या चर्चेत महाराष्ट्रासाठी एवढं एकच नाव लिहून घ्या.

ओसरी
अगदी! आणि @तिरफळ तो बियांचा घोस इथे न्यू जर्सीत थंडीत बर्फावर काळा दिसतो, कोणाला वाटेल खायचं काही आहे. लहान मुलं असतील तर सांगून ठेवा, ह्या बिया आणि आयरिसचे गड्डे पोटात जाऊ द्यायचे नाहीत. कुत्र्यांनाही नाही.

ह्याच्या दुसऱ्या एका आयरिसशी केलेल्या संकराला कँडी लिली म्हणतात, त्यात पिवळं, गुलाबी, जांभळं सगळं येतं आणि त्याच्या बिया लावल्या की रंगांची सरमिसळ होते. मिळाल्या तर ते नक्की लावून बघा.

फौजीची_बायको
मस्त धागा. माझा बागकामाशी संबंध पाणी घालण्यापुरता पण आम्ही श्रीनगरला होतो तेव्हाचं सांगते. एप्रिल-मे मध्ये तिथे कबरस्तानांत जांभळी-पांढरी आयरिसं नुसती उसळलेली असतात, कबरींवर लावायची जुनी रीत आहे. आणि जुन्या घरांची जी मातीची छपरं असायची त्यावरही फुलायची म्हणतात, काही ठिकाणी मी बघितलीही. आमच्या क्वार्टरच्या मागे मोठा ताटवा होता. तिथला माळी कधी बी लावत नसे, गड्डा कुदळीने फोडायचा, पानं अर्धी कापायची आणि कुठेही टोचायचा. पुढच्या बदलीत मी दोन गड्डे देवळालीला नेले, पानं भरपूर आली, फूल नाही, पावसाळ्यानंतर पानंही नाहीत. आज कळलं का ते.

ओसरी
@फौजीची_बायको ती बहुतेक आयरिस काश्मिरियाना, तिचं नावच काश्मीरवरून. हिमालयातली अजून एक गंमत सांगते, आयरिस मिलेसाय म्हणून एक आहे, गुलाबी-जांभळं फूल. १८८० च्या सुमारास हिंदुस्थानातून पाठवलेलं बी इंग्लंडमध्ये फ्रँक माइल्स नावाच्या चित्रकाराने लावलं, त्याच्याकडे फुललं आणि जातीला त्याचं नाव पडलं. म्हणजे बघा, डोंगर हिमालयातले, बी टपालातून गेलं आणि नाव साहेबाचं.

कुंडीबहाद्दर
तिरफळ साहेब मानलं तुम्हाला. एक अवांतर, ग्लॅडिओलस आणि केशरपण ह्याच कुळातलं ना? मग केशराचं बी मिळतं ते लावू का गच्चीवर? एकजण देतो म्हणतोय.

ओरेगॉनवाला
अहो थांबा!! कुळ तेच आहे, पण केशराला बी धरतच नाही. त्याच्यात गुणसूत्रांचे तीन संच असतात, विषम, त्यामुळे ते वांझ आहे, हजारो वर्षं फक्त कंदापासूनच वाढवलंय माणसाने. केशराचं बी म्हणून कोणी काही देत असेल तर ती बहुतेक करडई असते.

कुंडीबहाद्दर
करडई! तरीच म्हटलं बी ओळखीचं वाटतंय 😀 आमच्या गावाला एकरांनी होती.

मृदगंध
कॅलिफोर्नियातून भाऊ जानेवारीत नागपूरला येतोय, त्याला कँडी लिलीच्या बिया आणायला सांगू का? चार-पाच तर पाकिटं, खिशात मावतील.

ओसरी
@मृदगंध नको सांगू गं. भारतात बी आणायला परवाना आणि तिकडच्या सरकारचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे बी निरोगी असल्याचा दाखला, लागतं, प्लँट क्वारंटाइनची २००३ ची ऑर्डर आहे. खिशात आणलेलं विमानतळावर सापडलं तर जप्त. आणि कारणही खरं आहे, बियांबरोबर काय येईल सांगता येत नाही. उलट्या बाजूनेही तेच, इकडे येताना आईकडून तुळशीचं बी आणतात लोक, तेही नियमात बसत नाही.

ओरेगॉनवाला
त्यालाच जोडून, इकडच्या लोकांसाठी. तळ्याकाठी पिवळं आयरिस दिसतं, आयरिस स्यूडाकोरस, त्याच्या बिया फुकट मिळतात म्हणून घरी आणू नका. मूळचं युरोपचं, इथे ओढे-तळी व्यापून टाकतं. वॉशिंग्टन राज्यात, मॅसॅच्युसेट्समध्ये तर विक्रीलाच बंदी आहे. पाण्याकाठी लावायचंच असेल तर अमेरिकेच्या ईशान्येतल्या लोकांनी तिथलंच ब्लू फ्लॅग लावावं, आयरिस व्हर्सिकलर, बियांपासून छान येतं, थंडी दिली की झालं.

अटलांटाची_आत्या
माझी रोपं उगवली आहेत, चार इंच झाली, पण काही बुडातून आडवी पडली. पाणी रोज देते.

ओसरी
@अटलांटाची_आत्या रोज पाणी हेच कारण दिसतंय, मर लागलीय. पडलेली काढून टाका, मातीसकट, बाकीच्यांना हवा लागू द्या, वरून पाणी न देता कुंडी ताटलीत ठेवून खालून द्या आणि वरची माती सुकल्यावरच. चार इंच झाली म्हणजे जमिनीत जायला तयार आहेत. फूटभर अंतर ठेवा, आठ तास ऊन हवं. पहिल्या वर्षी जेवढं वाढवाल तेवढं फूल लवकर. आणि पूर्वेकडे असाल तर आयरिस बोररकडे लक्ष ठेवा, पतंगाची अळी आहे, अंडी जुन्या पानांवर हिवाळा काढतात, वसंतात अळी पानातून पोखरत पोखरत गड्ड्यात उतरते. पानांवर ओले-ओले ओघळ आणि कुरतडलेल्या कडा दिसल्या की समजा. थंडी पडल्यावर सगळी जुनी पानं कापून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही.

ओरेगॉनवाला
आमच्याकडे बोरर नाही 😎 गोगलगायी आहेत त्या सगळं भरून काढतात.

शंकासुर
बरं, एवढं वाचल्यावर माझीही चुळबुळ सुरू झालीय. सातारा, घरामागे थोडी जमीन, काळी माती, चिकट. ब्लॅकबेरी लिली चालेल?

तिरफळ
काळ्या मातीत सपाटीला नको, वाफा वीतभर उंच करा, शेणखत आणि वाळू मिसळा. बी मी देतो, यंदा घोस भरपूर आहेत आणि देशातल्या देशात पाठवायला काही अडचण नाही. कुंडीबहाद्दर, मृदगंध, तुम्हालाही हवं असेल तर विपूत, म्हणजे माझ्या विचारपुशीत, पत्ता टाका, घटस्थापना झाली की एकदमच पोस्टात टाकतो. घोस पूर्ण वाळल्याशिवाय काढत नाही, आईचा नियम आहे.

मृदगंध
टाकला पत्ता. भावाला चॉकलेटं आणायला सांगते आता.

शंकासुर
मीपण टाकला. धुवट जांभळं नको म्हटलं होतं, केशरी चालेल.